कुणाच्या घरातली नीला

मेहकर
ता. भालकी, जि. बिदर
४ जानेवारी २०२५

शिवलीला अक्कांना उमाचा शरणार्थ.

हे पत्र तुमच्या अप्पांच्या पिशवीत चटणीच्या डब्याखाली ठेवलंय. फोनच केला असता, पण आमचा फोन ह्यांच्यापाशी, तुमच्या भावापाशी, बिदरच्या दवाखान्यात हाय आन तुमचा हणमंतराव भाऊजींच्या दुकानात. मागं मी केला तेव्हा गिऱ्हाइकं पराती बघत बघत माझं रडणं ऐकत होती. म्हणून लिहायलेय. हरिबाची जीप रोज भालकीहून उदगीरला येतीच, तुमी पण त्याच्याच हाती उत्तर द्या.

नीलाला अप्पांसोबत पाठवायलेय. तुमीच म्हणालात, आमच्याकडं लेकरांची डॉक्टरीण चांगली हाय, दे पाठवून, मी बघते. अक्का, मला दुसरं कोण हाय? दिवाळी झाल्यापासून रोज संध्याकाळी ताप, खोकला, आन आता मानंला बोराएवढी गाठ. इथल्या डॉक्टरांनी टीबीचा संशय सांगितलाय, बिदरला लेकरांच्या डॉक्टरकडं न्या म्हणाले. पण बिदरला हे एकीकडं, ही एकीकडं, घरी अप्पा आन दोन म्हशी. मी कुठं कुठं पुरू?

ह्यांची काळजी करू नका. टीबीच हाय, पण साधा. सहा म्हयन्यांच्या गोळ्या. खाण्यापिण्याचं नीट व्हावं म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलंय, एवढंच.

नावाचं तुमी म्हणालात तसंच करा. तुमच्या रेशनकार्डावर, तुमची लेक म्हणूनच घाला. कर्नाटकाचं कार्ड काढलं आन तिकडं जा म्हणाले तर मी लेकरू घेऊन कुठं फिरू? तुमच्या सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आपल्या अप्पांच्या नावावर इकडं झालंच की. कुणाला काय कळलं? आपल्या लोकांचा एक पाय इकडं, एक तिकडं, हे काय आजचं हाय का.

नीला झोपताना कुणाचा तरी कान धरती. तेवढा धरू द्या. पाच सरून सहावं लागलंय पण ती सवय काय जात न्हाई.

तुमची
उमा


उदगीर
११ जानेवारी

उमा,

चटणीचा डबा सांडून निम्मं पत्र लाल झालं, तरी वाचलं. आता रडणं बंद कर. लेकरू माझ्या घरात हाय, रानात टाकलेलं न्हाई.

दवाखान्यात सगळं झालं. लहान लेकरांना खाकरून थुंकी काढता येत न्हाई, म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं. तुझ्या लेकीनं नर्सच्या बोटाला असा चावा घेतला की विचारू नको. त्या पाण्यात जंतू काय सापडला न्हाई, पण छातीचा फोटो बघून आन गाठ बघून डॉक्टरीण म्हणाली, टीबीच हाय, थांबायचं न्हाई. गोळ्या चालू केल्या. पाण्यात विरघळत्यात, गोड लागत्यात म्हणं. मी चाटून बघितल्या, गोड कसल्या, कडूच की गं.

प्रश्न किती विचारले म्हणतीस! नाव काय, जन्म कुठला, घरात माणसं किती. मी अडखळले न्हाई कुठं. नीलांबिका हणमंतराव, माझी धाकटी. हणमंतरावांचं तोंड कारलं खाल्ल्यागत झालं होतं. त्यांना आजाराची भ्या लई. लेकरू यायच्या आधीच ताट-तांब्या वेगळा काढून ठेवला होता. मी तो परत दुकानात लावला आन म्हणाले, माझ्या भावाची लेक हाय, माझ्या ताटात जेवंल.

एक सांग. साधाच टीबी हाय तर चन्नाला बिदरला कामून ठेवलंय? आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला साधा झाला होता, तो गोळी खाऊन रिक्षा चालवायलाय.

शिवलीला


मेहकर
३ फेब्रुवारी

अक्का,

पत्राला उशीर झाला, राग धरू नका. बिदर-मेहकर करता करता दिवस कसा जातोय कळत न्हाई. तुमचं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. चाव्याचं ऐकून लई दिवसांनी हसले.

ह्यांना ठेवलंय ते अशक्तपणा लई हाय म्हणून. तुमी उगाच मनात काय आणू नका. रिक्षावाला जवान असंल.

नीलाचं वजन वाढलं का? गाठ जिरली का? मागच्या आठवड्यात हरिबा म्हणाला, पोरगी दारात बसून खेळत होती. ते ऐकून मी म्हशीच्या गोठ्यातच बसले आन पोटभर रडले. आनंदानं हो. तुमी लिहिलं न्हाई म्हणजे सगळं बरंच असंल असं मी धरलंय. भाऊजींना सांगा, उमा जन्मभर उपकार विसरणार न्हाई. आन ते लेकराजवळ आले न्हाईत तरी चालंल.

ती माझी आठवण काढती का? काढत नसंल तर लिहू नका.

उमा


उदगीर
२७ फेब्रुवारी

उमा,

आता खरं लिहिते. हरिबाच्या हाती 'बरी हाय, खायलीय' असा निरोप देत आले, ते खोटं होतं. तू तिकडं नवऱ्याच्या उशाशी, तुला अजून कामून जाळायचं म्हणून.

नीला बरी न्हाई. पहिल्या आठवड्यात ताप उतरला, मला वाटलं जिंकलं. मग परत चढला. गाठ बोराची लिंबाएवढी झाली आन आता दुसऱ्या बाजूलापण आलीय. संक्रांतीला घेतलेला झगा अंगावर लोंबायलाय. भाकरीचा काला करून दिला तर दोन घास खाती आन म्हणती, राहू दे. उमा, गोळी मी एक दिवस चुकवलेली न्हाई, लिंगाची आण. माझ्या हातानं विरघळवते, माझ्या डोळ्यासमोर पाजते.

डॉक्टरीण पण चक्रावलीय. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले तिनं. सासरे, हे, मी, माझी लेक दानेश्वरी. सगळे स्वच्छ. हणमंतराव तर आपला फोटो दुकानात चार लोकांना दाखवायलेत. मग डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, घरात कुणालाच न्हाई, मग लेकराला आला कुठनं? घरात, पाहुण्यात कुणाला मोठा टीबी आहे का? ज्याच्यावर साध्या गोळ्या चालत न्हाईत तसला?" मी म्हणाले, आमच्या खानदानात तसलं काय न्हाई. चन्नाचं नाव घेतलं असतं तर लेकरू कुणाचं ते निघालं असतं, आन त्याचा तर साधाच हाय म्हणतीस तू. खरं ना?

मला भ्या वाटायलीय उमा. मी कुणाला भ्यायची बाई न्हाई, तुला ठाऊक हाय.

शिवलीला


मेहकर
१ मार्च

अक्का,

हरिबा दारात हॉर्न वाजवायलाय, मी चुलीपाशी बसून लिहायलेय. हे पत्र वाचलं की चप्पल घाला आन डॉक्टरणीकडं जा.

ह्यांचा टीबी साधा न्हाई. मोठाच हाय. डिसेंबरातच रिपोर्ट आला होता. साध्या गोळ्या ह्यांच्यावर चालत न्हाईत, म्हणून बिदरला ठेवलंय, छातीला तारा लावून रोज बघत्यात. मी तुमच्यापासून लपवलं. तुमी लेकराला घरात घेतलं नसतं असं मला वाटलं. तुमी घेतलं असतं, पण भाऊजींनी? माझ्यापुढं एकच दार उघडं होतं अक्का, ते बंद होईल म्हणून मी खोटं बोलले.

परवा बिदरच्या डॉक्टरांनी विचारलं, लेकरू कुठंय? मी म्हणाले, आत्याकडं, औषध चालू हाय. ते म्हणाले, "तिकडच्या डॉक्टरांना बापाचं सांगितलंय ना? लेकराला बापाकडनंच आला असणार. बापाचे जंतू जसे, तसेच लेकराचे. लेकराचा जंतू सापडत न्हाई, म्हणून बापाचा रिपोर्ट बघूनच औषध ठरवायचं असतंय. साध्या गोळ्यांनी काय होणार न्हाई तिला." आन मी मान हलवली, व्हय, सांगितलंय म्हणून. तिथंपण खोटं! बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं. घरी आले तर तुमचं पत्र.

तिला चुकीचं औषध चाललंय अक्का. आपण तिला तुमच्या घरातली केली आन तुमच्या घरात कुणाला काय न्हाई. म्हणून तिला मिळायचं ते मिळंना.

चन्नवीर रेवणसिद्धप्पा, एवढं नाव सांगा. बिदरचे डॉक्टर फोनवर बोलतील. पाया पडते.

उमा


मेहकर
९ मार्च

अक्का,

उत्तर न्हाई. हरिबा म्हणतोय, पत्र तुमच्याच हाती दिलं, तुमी उंबऱ्यात उभं राहून वाचलं आन आत गेलात.

मला शिव्या द्या. भावाला तोंड दाखवू नको म्हणा. पण सांगितलं का एवढं कळवा. दुकानात फोन केला होता, अप्पांनी शेजारच्याचा मागून आणला. भाऊजींनी उचलला आन आवाज ऐकून ठेवून दिला. नीलाला काय झालंय का? झालं असंल तर ते तरी सांगा. मी तुमच्या दारात आले असते, पण मला आता दाराची भ्या वाटायलीय, आत काय ऐकायला मिळंल त्याची.

परवा, म्हणजे मंगळवारी, ह्यांना सोडून मी निघते. काय व्हायचं ते होऊ दे.

उमा


उदगीर
१० मार्च

उमा,

आधी हे वाच: सांगितलं. आज सांगितलं. लेकरू हाय. आता बाकीचं.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला तुझी मान धरावी वाटली. माझ्या घरात चार माणसं, माझी दानी तिच्या शेजारी झोपायली, आन तू मला साधा म्हणून सांगतीस? दोन दिवस मी तुझं नाव घेतलं न्हाई. हणमंतरावांना सांगितलं तर त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, आता तोंड उघडायचं न्हाई. खोटं नाव घातलंय, पोलिस येतील, बाबांच्या डोळ्याचंपण निघंल, दुकानाला कुलूप लागंल. आन उमा, मी ऐकलं त्यांचं. मी, जी कुणाचं ऐकत न्हाई. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आन मेथीची जुडी घेऊन परत आले. भ्या अशी असती हे मला ठाऊक नव्हतं.

आज सकाळी नीला जिना चढायली होती. चारच पायऱ्या. मधीच बसली, म्हणाली, उचलून घे. उचलली तर हाताला काय लागलंच न्हाई गं. कपडे उचलल्यागत. तशीच काखेत घेतली, अनवाणी निघाले. हणमंतराव मागनं हाका मारायले होते.

डॉक्टरणीपुढं मी भडाभडा ओकले सगळं. ही माझी न्हाई, माझ्या भावाची. भाऊ बिदरला हाय, त्याला मोठा टीबी हाय. तिला वाटलं मला भ्रम झालाय. ती नीलाकडं वाकली आन म्हणाली, "बाळ, ही कोण?" नीला म्हणाली, "आई." "आन बाबा?" "हणमंतराव, भांड्याचं दुकान." फाडफाड म्हणाली, पाठ केल्यागत. पाठच केलं होतं. मीच रोज घोकून घेतलं होतं तिच्याकडनं, तुला सांगितलं न्हाई. बरोबर म्हणालीस की पेढा. मी म्हणाले, "नीला, खरं सांग गं." तर ती माझ्या गळ्यात हात घालून कानात म्हणती, "आत्या, आता कोणतं सांगू?"

डॉक्टरणीनं ऐकलं ते. खुर्चीत मागं टेकली. मला वाटलं आता ओरडती. ती एवढंच म्हणाली, "बिदरचं नाव सांगितलं असतं तरी मी औषध दिलंच असतं, बाई. कुठल्याबी गावचं लेकरू असू दे. कार्ड मी कशाला बघू?" मग बिदरला फोन लावला. चन्नाचा सगळा रिपोर्ट तिथल्या तिथं कळला.

उद्या लातूरला न्यायचंय, हृदयाचा आलेख काढून नव्या गोळ्या चालू करणारेत. गाडी दवाखान्याचीच. तू इकडं येऊ नको, थेट लातूरला ये. हरिबाला सांगितलंय, तो आजच पत्र पोचवणारे.

पोलिस-बिलिस कुणी आलं न्हाई.

शिवलीला


लातूर, दवाखाना
३० मार्च

अक्का,

शेजारच्या खाटेवरच्या बाई उदगीरला जायल्यात, त्यांच्या हाती देते.

नव्या गोळ्या पोटात अन्न असल्याशिवाय द्यायच्या न्हाईत. आन ती जेवायचंच नाव काढत न्हाई. सकाळी गोळीच्या वेळी माझा जीव टांगणीला लागतोय. काल वरणभात भरवला, ओकली. परत भरवला. नर्स म्हणाली, ओकली तरी भरवत राहा, हेच तुमचं काम. दर काही दिवसांनी छातीला तारा लावत्यात. ती तारांना दोऱ्या म्हणती.

डॉक्टर आले की ती मला मामी म्हणती. ते गेले की अव्वा. मी सांगितलं, आता सगळ्यांपुढं अव्वा म्हण, मी तुझी आईच हाय, कुणी रागावणार न्हाई. मान हलवती, पण डॉक्टरचे बूट वाजले की परत मामी. आपणच शिकवलंय.

मी डॉक्टरांना विचारलं, वाचंल ना? ते म्हणाले, औषध आता बरोबर हाय, पण उशिरा मिळालंय, वजन वाढलं की सांगतो. दोन म्हयने वाया गेले अक्का. बापाचा रिपोर्ट डिसेंबरात आला होता. ती तुमच्याकडं आली त्याच्या आधी. मला रात्रंदिवस तेवढंच दिसतंय. ह्यांना फोनवर सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, माझं नाव सांगायची लाज वाटली व्हय तुमाला? लाज न्हाई वो, भ्या, म्हणाले मी.

आज तिनं आपणहून पाणी मागितलं. ताप सकाळचा नव्हता. संध्याकाळचं अजून बघायचंय.

भाऊजींना माझा नमस्कार सांगा. घेतला तर.

उमा


उदगीर
६ एप्रिल

उमा,

त्या बाईंनी पत्र दिलं. पाणी मागितलं हे चार वेळा वाचलं. हणमंतरावांनी नमस्कार घेतला. सोबत नीलासाठी स्टीलची वाटी दिलीय त्यांनी, नाव कोरून, 'नीलांबिका चन्नवीर' असं. बापाचं नाव कोरताना मला विचारलं न्हाई, स्वतःच कोरलं.

आता दुसरं. घाबरू नको म्हणणार होते, पण मीच घाबरलेय तर तुला कशाला सांगू.

दानेश्वरीला ताप यायलाय. आठवडा झाला. खोकला आधी कोरडा होता, आता ओला. फेब्रुवारीतला फोटो स्वच्छ होता तिचा, म्हणून मी आधी मनावर घेतलं न्हाई. मग आठवलं, दिवाळीच्या सुट्टीत ती मेहकरला होती. चन्ना तेव्हा खोकत होता आन ही मामाला सोडत नव्हती, त्याच्याच कुशीत झोपायची. तुझ्या नीलाकडनं न्हाई आलेला, तेवढं मनातनं काढून टाक. डॉक्टरणीनंच सांगितलं, एवढ्या लहान लेकराकडनं सहसा पसरत न्हाई.

उमा, मी विचार करत बसले न्हाई. हणमंतरावांनी दुकान ओढलं, कुलूप लावलं आन आमी तिघं निघालो. डॉक्टरीण जिन्यातच भेटली, हातात चहाचा कप होता तिच्या. मी तिथंच सुरू झाले. ही माझी लेक, माझ्याच पोटची, दानेश्वरी. हिचा मामा चन्नवीर रेवणसिद्धप्पा, मोठा टीबी, बिदरला भरती, दिवाळीत ही त्याच्या कुशीत झोपायची. ती म्हणाली, "अहो बाई, आधी आत तर या, बसा." मी तिचा हात धरला. म्हणाले, "न्हाई, बसणार न्हाई. आधी मामाचं नाव लिहून घ्या."

शिवलीला